खंड्याच्या मागावर

तळोदा विमानतळ
१२ फेब्रुवारी १९४४, शनिवार

आज मगन गेला. सकाळी सव्वानऊला आम्ही दोघे भाऊ बरोबर उडालो आणि पावणेदहाला मी एकटा खाली उतरलो. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. इथे भरती व्हायला मीच त्याला कळसाडीहून आणला होता.

डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, ती मी घेतली नाही. त्याऐवजी ही वही काढली. पुढेमागे कोणाच्या हाती पडलीच तर त्याला कळावं म्हणून थोडं आधीचं लिहितो.

तीन वर्षांपूर्वी वरचे आले. त्यांना आम्ही एवढंच म्हणतो, 'वरचे'. ते कोण आहेत, त्यांना काय हवं आहे, हे कोणालाच ठाऊक नाही; पहिली गोळी त्यांची की आपली, यावरही अजून वाद चालतो. त्यांचं एक रिकामं यान तोरणमाळच्या पठारावर पडलं. त्याच्या इंजिनाची नक्कल करून आमची छोटी विमानं बनली. ती हवेच्याही वर जातात, जिथे भर दुपारी आकाश काळं असतं आणि खाली तापी पत्र्याच्या पट्टीसारखी चमकते. त्यांच्या किरकिरीमुळे आम्ही त्यांना टिटव्या म्हणतो.

आणि त्यांचा एक आहे, खंड्या. खंड्या पक्ष्यासारखा वरून सरळ झेपावतो म्हणून हे नाव. गोदामाएवढं यान, रंग राखी. तो कधीही गोळी झाडत नाही. निळसर उजेड टाकतो, टिटवीचं इंजिन बंद पडतं, आणि डोळ्यांचं पातं लवेपर्यंत टिटवीही नसते आणि तोही नसतो. आजवर आमचे दहा वैमानिक त्याने संपवले. मगन अकरावा. कोणाच्या विमानाचा खिळासुद्धा सापडला नाही. तितक्या उंचीवरून पडलेलं वाटेतच जळून जातं, असं तळाचे साहेब म्हणतात.

मगनचा आवाज बिनतारीवर शेवटी आला तो असा: "भाऊ, मन्हं इंजिन बंद पडी गयं." घाबरलेला वाटला नाही. नवल वाटल्यासारखा वाटला.

१५ फेब्रुवारी

घरी जाऊन आलो. वडील ओट्यावर बसले होते. मी सांगितल्यावर ते उठले, गव्हाणीत कडबा टाकला आणि परत येऊन बसले. 

आई रडली नाही. तिने मला समोर बसवलं आणि विचारलं, "तू त्याले मरतांना दखं का?"

"नही, माय."

"मंग तो मरना, हाई तू कसं म्हनस?"

मी तिला समजावू लागलो, उंची, हवा, इंजिन. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "आखो येकदाव सांग. दखं का नही?"

येताना सगळी वाट मला तिचा राग येत होता. राग का यावा, कळत नाही.

२१ फेब्रुवारी

साहेबांनी सगळ्यांना बोलावून जाहीर केलं की खंड्याला जो पाडेल तो पथकाचा मुख्य होईल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग रायसिंगकडे.

रायसिंग वसावे अक्राणीच्या डोंगरातला. धावपट्टीसाठी जंगल तोडायला मजुरांची टोळी आली, त्यात तो कुऱ्हाड घेऊन आला होता. पुढे इंजिनं पुसायला लागला, मग दुरुस्त करायला, आणि एक दिवस वैमानिकच कमी पडले तेव्हा साहेबांनी त्याला बसवून पाहिलं. आज वरच्यांची सात बिनचालक टेहळणी यानं त्याच्या नावावर आहेत. माझ्या नावावर सहा.

वहीत खोटं लिहून काय उपयोग? त्याच्या माणसांनी आमच्या शेतात कपाशी वेचली आहे. उद्या तो मुख्य झाला तर मला त्याला सलाम करावा लागेल. मगनचा सूड घ्यायचाच आहे, पण हेही डोक्यात आहे.

२७ फेब्रुवारी

आज मी एक वाईट गोष्ट केली.

जेवताना खंड्याचा विषय निघाला. रायसिंग सहसा बोलत नाही, आज बोलला. "तो मारस नही," म्हणाला. "उचली लई जास."

कोणीतरी विचारलं, तुला काय ठाऊक?

"बिबट्यानं बकरी मारी तर रगत पडस. मांजर पिलू तोंडमा धरी लई जास, तव्हय रगत पडस का? अकरा झाया. येक थेंब दखा का कोणी?"

मी मोठ्याने म्हणालो की रायसिंगला खंड्याची भीती बसली आहे, म्हणून तो त्याला मांजर बनवतो आहे. सगळे हसले. तो ताट धुऊन बाहेर गेला. मीही गेलो. का गेलो, माहीत नाही. हसण्याने माझं समाधान झालं नसावं.

हातपाय धुण्याच्या नळाजवळ तो म्हणाला, "पाटील, मगन जित्ता ऱ्हायना तर तुले चालाव नही का?"

मी त्याच्या कानशिलात मारली. त्याने गालाला हात लावला, माझ्याकडे पाहिलं आणि नळ नीट बंद करून निघून गेला. त्याने उलटून मारलं असतं तर बरं झालं असतं.

६ मार्च

खंड्या दिसला. आज मी आणि रायसिंग जोडीने होतो. तो पुढे, मी मागे. खंड्या त्याच्या समोर आडवा आला, अगदी वखारीच्या दारासारखा. डोळे मिटूनही नेम चुकला नसता. रायसिंगने गोळी झाडली नाही. नुसता त्याच्याभोवती फिरला, विहिरीत काय पडलंय ते बघावं तसा. मी लांबून बारा गोळ्या झाडल्या, लागल्या की नाही कळलं नाही, आणि खंड्या गेला.

उतरल्यावर विचारलं तर म्हणतो, "त्याना पोटले गोल खिडक्या शेत. आत उजेड शे. कोणीतरी हललं."

मी साहेबांना लेखी कळवलं की समोर शत्रू असूनही वसावेने गोळी झाडली नाही. लिहिलं ते खरंच होतं. होळीसाठी त्याने चार दिवसांची रजा मागितली होती, ती साहेबांनी नामंजूर केली. डोंगरातल्या माणसाला होळीची रजा नाकारणं म्हणजे काय, हे मला इथल्या कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी मी गप्प बसलो.

१४ मार्च

खंड्या पडला. मी पाडला.

जसं घडलं तसं लिहितो. सकाळी दहाच्या सुमारास मी आणि रायसिंग वर होतो. खंड्या सूर्याच्या बाजूने आला. मी वळलो. रायसिंग वळला नाही. त्याने आपलं इंजिन स्वतःहून बंद केलं, निळा उजेड पडायच्या आधीच. त्याची मागची ज्योत विझलेली मी स्पष्ट पाहिली. बिनतारीवर एवढंच म्हणाला, "पाटील, थांब. मी दखी येस." खंड्याचं पोट उघडलं आणि टिटवी आत गेली.

तो नेहमी क्षणात नाहीसा होतो. आज झाला नाही. जागेवरच थांबून राहिला. का थांबला, कळलं नाही. बहुधा त्याचं काहीतरी बिघडलं असावं.

मी मागून जवळ गेलो. पोटाच्या एका गोल खिडकीत काहीतरी चमकलं. तीन वेळा, लांब लांब. दिव्याने तीन लांब खुणा म्हणजे आमच्यात 'गोळी थांबवा'. पण सूर्य त्याच बाजूला होता. काचेवरचा उजेड असणार. रायसिंग तोवर गेलेलाच होता.

मी चाळीस गोळ्या झाडल्या.

खंड्या फुटला नाही. एका बाजूला कलला आणि हळूहळू खाली उतरत गेला, एखादी मोठी जखमी घार पंख सावरत उतरते तसा. सातपुड्यात, तळोद्याच्या वरच्या अंगाला, धुराची रेघ उठली.

खाली मला खांद्यावर घेतलं. कुठून तरी झेंडूचा हार आणला. साहेबांनी दोन्ही हातांनी माझा हात दाबला. रायसिंगसाठी टोप्या काढून एक मिनिट उभे राहिलो.

सूर्याचाच उजेड होता.

१६ मार्च

आज काय पाहिलं ते लिहायचा हा तिसरा प्रयत्न.

साहेब, डॉक्टर, मी, चार शिपाई आणि मेकॅनिक दिवाल्या, इतके जण गेलो. जीप जाईल तितकी नेली, पुढे अडीच तास चाललो. मोहाची फुलं पडायला लागली आहेत, सगळ्या रानात तो गोड वास. खंड्या एका नाल्यात बसला होता. आदळलेला नव्हता, अलगद उतरलेला होता. एक झाडसुद्धा मुळातून उपटलं नव्हतं.

आत रायसिंगची टिटवी सुतळीसारख्या कशाने तरी नीट बांधून ठेवलेली, ओरखडाही नाही. तिच्यापुढे लहान लहान खोल्यांची रांग. प्रत्येकीत एक बिछाना आणि पाण्याचं भांडं. सगळ्या रिकाम्या, एक सोडून.

तिच्यात रायसिंग होता. मांडीत एक गोळी. गोळी माझी, दुसऱ्या कोणाची असेल? डॉक्टर म्हणाले, तो गोळीने गेला नाही, हवा निघून गेल्याने गेला. त्याच्या मुठीत विमानातला दिवा होता. बोटं सोडवता येईनात.

खोलीच्या भिंतीला दोन भोकं पडली होती. एकावर रायसिंगचा गुंडाळलेला कोट कोंबलेला. दुसऱ्यावर वरच्यांपैकी एक जण पालथा पडला होता. आम्ही त्यांच्यापैकी कोणाला पाहण्याची ही पहिलीच वेळ. दहा वर्षांच्या पोराएवढा, राखी अंगाचा, हाताचे पंजे रुंद. एक पंजा भोकावर सपाट दाबलेला, आणि तो तिथेच चिकटून वाळला होता. दुसरा पंजा रायसिंगच्या छातीवर.

साहेब म्हणाले, कैद्याला मारायला आला असेल आणि त्यातच मेला. मी 'हो' म्हणालो.  दिवाल्याने जाऊन तो भोकावरचा पंजा हळूच उचलून पाहिला, परत तसाच ठेवला, आणि बाहेर जाऊन दगडावर बसला.

तेव्हा मला भिंत दिसली. स्क्रू पिळायच्या पेचकसाने कोरलेली नावं. अकरा. सर्वांत खाली मगनचं अक्षर, त्याचा 'ळ' शाळेपासून तसाच उलटा:

'मगन दोधू, कळसाडी. २ मार्च. जित्ता शे. ह्या लोके आपली बोली शिकी ऱ्हायनात. आते आम्हले वर मोठा जहाजवर लई जातस.'

दोन मार्च. तोवर मी त्याचं सुतक पाळून मोकळा झालो होतो.

साहेबांनी विचारलं, "क्या लिखा है?"

मी म्हणालो, "नाम हैं, साब."

१७ मार्च

चौकशी झाली. तीन अधिकारी, एक लांब टेबल. विचारलं, गोळी झाडण्यापूर्वी काही खूण दिसली का? मी म्हणालो, नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. सही केली. उद्यापासून मी पथकाचा मुख्य.

जेवण जात नाही. कशाने असं झालं ते मला समजतं आहे आणि तरी समजत नाही. सहा मार्चला झाडलेल्या त्या बारा गोळ्यांचा विचार मनात येतो. त्या वेळी मगन खंड्यातच होता की मोठ्या जहाजावर गेला होता? तारीख पाहता गेला असावा. असावा.

२२ मार्च

रायसिंगचं सामान पोचवायचं होतं. मुख्य म्हणून शिपाई पाठवला असता तरी चाललं असतं. मी स्वतः गेलो. दिवाल्या बरोबर आला. त्याला त्यांची बोली येते. देह आधीच पोचला होता, त्यांनी त्याला त्यांच्या रीतीने निरोप दिला होता.

रायसिंगची बायको दिवलीबाई झोपडीसमोर मोहाची फुलं वाळत घालत होती. माझा डगला पाहून तिने हात पुसले आणि खाट टाकली. मी बसलो नाही. सामान ठेवलं. तिचा दीर आमशा येऊन उभा राहिला.

मी ठरवून गेलो होतो की तो शूरपणे गेला एवढंच सांगायचं. तोंड उघडलं आणि वेगळंच बाहेर पडलं. सगळं सांगितलं. कानशिलात मारली ती, रजा, दिव्याच्या तीन खुणा. "मी खूण दखी," म्हणालो. "दखी आणि गोळी मारी." दिवाल्या एकेक वाक्य तिला सांगत होता. शेवटच्या वाक्याला तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, सांग. त्याने सांगितलं.

आमशा दोन पावलं पुढे आला. मी हललो नाही. खरं तर त्याने मारावं असंच वाटत होतं. दिवलीबाईने त्याला काहीतरी म्हटलं आणि तो थांबला. मग तिने मला थोडी थोडी आमची बोली जुळवत विचारलं, "तो येकटा व्हता का, मरताना?"

मी तिला त्या राखी अंगाच्या जिवाबद्दल सांगितलं. पंजा कुठे होता, दुसरा पंजा कुठे होता. सांगता सांगता मलाच पहिल्यांदा कळलं की तो तिथे काय करत होता. साहेबांना मी 'हो' म्हणालो होतो.

ती आत गेली, मोहाची दारू आणली, आणि रायसिंगच्या नावाने जमिनीवर धार टाकली. मग थोडं सरकून दुसरी धार टाकली.

मी दिवाल्याला विचारलं, ही कोणाची?

"त्याना बाजूले व्हता त्यानी," तो म्हणाला.

मला तिने पाणीही विचारलं नाही. निघताना एवढंच म्हणाली, "तुन्हा भाऊले लई ये." ते माफ करणं नव्हतं. मी त्याला माफी समजणार नाही.

२८ मार्च

तेवीस तारखेला साहेबांना नवीन जबाब लिहून दिला. खूण दिसली होती, आणि भिंतीवर खरं काय लिहिलं आहे. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, हे बाहेर गेलं तर उद्यापासून एकही वैमानिक गोळी झाडणार नाही. मी म्हणालो, हो साहेब. त्यांनी कागद खणात टाकला आणि माझ्या छातीवरचं पंखांचं चिन्ह स्वतःच्या हाताने काढून घेतलं.

आता मी दिवाल्याच्या हाताखाली इंजिनं पुसतो. घरी चिठ्ठी पाठवली: मगन जिवंत असावा. चिठ्ठी वाचून दाखवणाऱ्या मास्तरांनी कळवलं की आई म्हणाली, "माले नवं काय सांगस?"

३० मार्च

सकाळी पावणेआठला बिनतारीच्या खोलीतून शिपाई धावत आला. साहेबांनी बोलावलंय, आहे तसा ये. मी तेलकट हातांनी गेलो.

यंत्रावरचा माणूस मद्रासकडचा. तो म्हणाला, अर्ध्या तासापासून कोणीतरी एकच गोष्ट सांगतं आहे, भाषा कळत नाही. साहेबांनी कर्णा माझ्याकडे वळवला.

आवाज माणसाचा नव्हता. कोरड्या पानांवरून कोणी सावकाश चालावं तसा. पण बोली आमची होती. नुसती अहिराणी नाही, आमच्या घरातली. मगनचे हेल, वाक्याच्या शेवटी तो जसा श्वास सोडतो तसा सुद्धा.

"आम्हना येक जन तुम्हनाकडे उतरना. तो कसा शे? जेवस का?"

थोडं थांबून पुन्हा तेच. "तो कसा शे? जेवस का?"

साहेब म्हणाले, "क्या बोल रहे हैं?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा मी आजवर असा पाहिला नव्हता. ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, सांग, तो आमच्याकडे सुखरूप आहे.

मी बटण दाबलं. "तो मरना," म्हणालो. "मी मारा."

खरखर. मग तोच आवाज, "'मरना' समजनं. मगननी आजी मरनी व्हती. 'मारा' समजनं नही. 'मारा' म्हंजे काय?"

 आणि मग मगनचा आवाज आला, खरा, अगदी जवळून. "भाऊ? तू शे का? भाऊ, हाऊ शब्द मी त्यासले शिकाडा नही." तो रडत होता.

"मगन, तू बाजूले व्हय," मी म्हणालो. "मी सांगस."

आणि मी सांगितलं. लहान पोराला सांगावं तसं, सोप्या शब्दांत, बंदूक म्हणजे काय, भोक पडतं म्हणजे काय, मी खूण पाहिली होती आणि तरी काय केलं. रायसिंगचं नाव सांगितलं. त्यांच्या माणसाने पंजा कुठे धरला होता ते सांगितलं. मद्रासकडचा माणूस माझ्याकडे बघत होता. साहेबांनी मी काय बोलतो आहे हे एकदाही विचारलं नाही.

  मग तो कोरडा आवाज म्हणाला, "त्याले आम्हले दे. तू लई ये." आणि थोड्या वेळाने, "मगन आणि बाकीना दहा जन तयार शेत."

दुपारभर साहेब वरिष्ठांशी बोलत होते. साडेचारला परवानगी आली. त्या राखी जिवाला बर्फाच्या खोलीतून काढून आम्ही घोंगडीत गुंडाळलं. तो फारच हलका आहे. दिवाल्याने टिटवीची बंदूक उतरवून घेतली.

उद्या सकाळी नऊला मी वर जातो. अकरा जण खाली येतील. मीही येईन का, हे मी त्यांना विचारलं नाही.